ग्राइंडरचा निकाल

"ते सगळं ठीक आहे बुवा, पण हा ठेवू की परत पाठवू?"

"काय ठेवायचं?"

"ग्राइंडर! हा, कॉफी दळायचा. मघापासून दुसरं काय बोलतोय मी?"

अच्युतबुवांनी ओसरीवरच्या सतरंजीकडे पाहिलं. ग्राइंडर तिथे न बोलावलेल्या पाहुण्यासारखा बसला होता.

चिखलदऱ्याच्या या मठीत येण्याआधी, भगवी वस्त्रं अंगावर चढण्याआधी, बुवांचं आयुष्य कॉफीची प्रत ठरवण्यात गेलं होतं. त्यांनी घोट जिभेवर फिरवून थुंकला की गोदामातल्या पोत्यांचं नशीब ठरायचं. म्हणून विद्याधर नाफडे अमरावतीहून घाट चढून आला होता. डिकीत ग्राइंडर, कॉफीचं मशीन आणि वजनकाटा. मागच्या सीटवर बायको, प्रमोदिनी.

मशीन मुलाचं होतं, निनादचं. नोकरी लागल्यावर त्याने हौसेने घेतलेलं. दर रविवारी तो आईला त्यावर कॉफी करून द्यायचा. पूड दुकानातून दळून आणायचा. गेल्या वर्षी निनाद गेला, आणि मशीनवर कापड पडलं ते पडलंच.

मग एकदा भाजी निवडता निवडता प्रमोदिनी म्हणाली होती, "त्याच्या हातच्यासारखी कॉफी प्यावीशी वाटते हो."

निनाद गेल्यापासून तिने काहीच मागितलं नव्हतं. विद्याधरने त्याच दिवशी ग्राइंडर मागवला. घरी नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हाच घ्या, असं जो तो सांगत होता. ग्राइंडर आला. तेव्हापासून प्रमोदिनीला एकही कप मिळाला नव्हता.

"दोष काय आहे याच्यात?" बुवांनी विचारलं.

"काय नाही ते विचारा! हे पूड बारीक-जाड करायचं चक्र बघा. इथे ठेवलं तर कॉफी गंजलेल्या नळासारखी ठिबकते. कडूजहर! एकच खाच मागे घेतली, तर धो धो वाहते आणि आंबट लागते. मध्ये काही नाहीच! बनवणाऱ्याला मध्ये एक खाच पाडता आली नाही? वर पुडीच्या गुठळ्या होतात, अर्धी पूड ओट्यावर उडते. आवाज असा, की खालचे जोशी जिना चढून विचारायला आले, नाफडे, फरशी फोडताय का?"

"आणि झालेली कॉफी?"

"ओतून देतो."

"रोज?"

"रोज. तसली कशी देणार तिला?"

बुवांनी डोळे मिटून घेतले.

"अरे बाप्पा... हेच ऐकायचं होतं, तर मी घर काहून सोडलं?"

"तुम्ही एकदा चाखा तरी. तुमच्याइतकी जीभ कोणाची आहे? तुम्ही म्हणाल ते शेवटचं."

"कर."

विद्याधरने वायर लावली. बिया मोजून टाकल्या, बटण दाबलं. ओसरीतला दिवा मंदावला. मागच्या कॉफीच्या झुडपांतून पोपट ओरडत उडाले. बुवांनी पोराचा ताप बघावा तसा थरथरणाऱ्या ग्राइंडरवर तळवा ठेवला.

विद्याधर श्वास रोखून पाहत होता. ग्राइंडर थांबला.

"काय वाटतं?"

"गरम आहे."

विद्याधरने दात आवळले. त्याने पूड दाबली आणि मशीन सुरू केलं. धार पडली. फिकट, पातळ, घाईची. तिचा रंग बघूनच तो भडकला.

"बघा! आंबट! चाखायचीही गरज नाही. पाहिलंत ना तुमच्या डोळ्यांनी?"

कप उचलून तो जास्वंदीच्या मुळाशी ओतायला निघाला. बुवांनी हात पुढे केला.

म्हणजे चाखणार तर! विद्याधरने अदबीने कप दिला आणि सावरून उभा राहिला.

बुवांनी कप ओठांना लावलाच नाही. ते सावकाश पायऱ्या उतरले. खाली दगडावर प्रमोदिनी शाल लपेटून उन्हात बसली होती.

"घे माय."

"अहो बुवा! तो नको! आंबट आहे तो! प्रमोदिनी, थांब, मी दुसरा करतो, पिऊ नकोस..."

विद्याधर अनवाणी धावत खाली आला. तोवर तिने घोट घेतला होता.

ती थांबली.

मग दुसरा घोट घेतला.

"कशी आहे?" बुवांनी विचारलं.

"आंबट."

"सांगत होतो ना मी!" विद्याधर म्हणाला.

"निनादची अशीच व्हायची."

कप घ्यायला पुढे केलेला विद्याधरचा हात खाली आला.

"दर रविवारी," ती म्हणाली. "तोंड वाकडं होऊ न देता प्यायची म्हणजे कसरत असायची. तो आपला समोर बसून विचारायचा, आई, आज जमली ना?"

बोलता बोलता तिला हसू आलं. ते तिने शालीच्या टोकाने टिपलं.

"मग मला कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही कधी प्यायलात? तो विचारायचा की, बाबा, तुम्हाला करू? तुम्ही पेपरातून मानसुद्धा वर करत नव्हता. तुमचा तो काढा तुम्हीच प्या, म्हणायचात."

घाटातून धुकं वर येत होतं. प्रमोदिनीने कप तळापर्यंत संपवला आणि दोन्ही हातांत धरून बसली.

विद्याधर पायऱ्या चढून वर आला. ग्राइंडरसमोर बसला. बुवाही येऊन ओसरीच्या खांबाला टेकले.

"बुवा..."

"हं."

त्याचा हात सवयीने चक्राकडे गेला.

"असू दे तिथंच," बुवा म्हणाले. "आता तुझ्यासाठी एक कर."