दुपारचा मागूर

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा नदीला घाट नव्हता आणि गावाला वेस नव्हती. नदी एका वळणावर दमून बसावी तशी थांबली होती आणि तिथे खोल डोह झाला होता. त्या डोहाच्या काठी एक गाव होतं. गावात भोयांची पाच-सात घरं होती. त्यांतल्या एका घरात हैबती नावाचा भोई आणि त्याची बायको राही राहत होती.

हैबतीच्या हातात कसब होतं. त्यानं फेकलेलं जाळं पाण्यावर कसं गोल पडायचं, ते बघायला वाटसरू थांबायचे. पण तो मासे धरायचा ते फक्त दिवसा. "धरायचं ते सूर्याच्या डोळ्यांदेखत धरावं," असं तो म्हणायचा. रात्री नदीवर जाणाऱ्याला तो चोराच्या रांगेत बसवायचा.

रात्री नदीवर जाणारं गावात एकच माणूस होतं. सकवार तिचं नाव. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सूर्य मावळला की ती एका लांब दोरीला पंधरा-वीस गळ बांधायची, गळांना गांडुळं लावायची आणि दोरी डोहाच्या उथळ कडेला सोडून काठावर बसायची. मागूर रात्रीच हिंडतो. दिवसभर हा मासा तळच्या चिखलात पडून राहतो आणि अंधार पडला की लांब मिशांनी चाचपत खायला निघतो. उजाडेपर्यंत सकवारीचे चार-पाच मागूर व्हायचे. ते विकून ती पोट भरायची आणि दिवसा झोपायची. त्यामुळे गावानं तिचं तोंड फारसं पाहिलेलं नव्हतं. जिचं तोंड दिसत नाही तिच्याबद्दल लोक काहीही बोलतात, तसं तिच्याबद्दलही बोलायचे.

एका वर्षी राही बाळंत झाली. मुलगी झाली. पण राहीच्या अंगात ताकद राहिली नाही आणि दूध येईना. सुईण म्हणाली, "हिला रोज मागुराचं सार द्या. दुसरं काही लागू पडणार नाही."

ही गोष्ट सकवारीच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पळसाच्या पानात एक जिवंत मागूर गुंडाळून हैबतीच्या दारात आली.

हैबती उंबऱ्यात उभा राहिला. तो म्हणाला, "काकी, माझे दोन्ही हात शाबूत आहेत. माझी बायको माझ्या हातचं खाईल."

"अरे, तुला नाही, तिला आणलाय," सकवार म्हणाली.

"अंधारातला मासा माझ्या घरात शिजायचा नाही."

सकवारीनं पान पुन्हा नीट मिटलं आणि ती आल्या वाटेनं परत गेली. आत खाटेवर पडलेल्या राहीनं हे सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या दिवशी हैबतीनं बांबूच्या कामट्यांचा एक पिंजरा विणला. मासा आत शिरेल पण बाहेर निघणार नाही, असं त्याचं तोंड केलं. सूर्य उगवला की तो पिंजरा डोहाच्या कडेला पाण्यात ठेवायचा, मग वरच्या अंगाला जाऊन लहानसहान मासळीसाठी जाळं फेकायचा आणि दुपारी परत येऊन पिंजरा उचलायचा.

पहिल्या दिवशी पिंजरा रिकामा निघाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पिंजरा उचलला तर तो जड लागला. आत हातभर लांबीचा काळाभोर मागूर मिशा हलवत होता.

हैबती स्वतःच थक्क झाला. धुणं धुणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघत राहिल्या. भर दुपारी मागूर सापडल्याचं कुणी ऐकलंही नव्हतं.

चौथ्या दिवशीही एक मिळाला. पाचव्याही दिवशी मिळाला. पंधरा दिवस झाले, महिना झाला, एक दुपार चुकली नाही. राही उठून बसू लागली. तिच्या अंगावर मूल पोसू लागलं. दुपार झाली की गावातली माणसं डोहावर जमायची आणि पिंजरा वर येताना श्वास रोखून बघायची. शेवटी पाटलानं चावडीवर बोलावून हैबतीच्या डोक्याला पागोटं बांधलं. म्हणाला, "नदीनं याच्यासाठी आपला नेम मोडला."

हे वाक्य हैबतीच्या डोक्यात शिरलं ते निघेना. तो विचार करू लागला. नदी मला रोज एकच मासा देते. मग बाकीचे कुठे जातात? रात्रभर ती बाई दोरी घालून बसते. ती डोह ढवळून काढते, म्हणून माझ्या वाट्याला एकच येतो. ती थांबली तर माझा पिंजरा भरून निघेल. बायकोचं होईल, चार पैसेही होतील.

तो चावडीवर गेला आणि म्हणाला, "पाटील, रात्रीची मासेमारी बंद करा. रात्री तरी नदीला निजू द्या."

पाटलानं सकवारीला बोलावलं. भर उन्हात ती डोळे बारीक करून सगळ्यांसमोर उभी राहिली.

"तुला काय म्हणायचंय?" पाटलानं विचारलं.

ती म्हणाली, "पाटील, मागूर रात्रीच हिंडतो. दिवसा तो चिखलातून निघत नाही. मला रात्री बंदी केली तर मी खाऊ काय?"

हैबती हसला. "दिवसा निघत नाही म्हणता, काकी. मग माझ्या पिंजऱ्यात रोज दुपारी कोण येतं?"

चावडी हसली. सकवारीनं एकवार हैबतीकडे पाहिलं.  मग तिनं मान खाली घातली. पाटलानं त्याच दिवसापासून रात्रीची बंदी केली.

दुसऱ्या दिवशी हैबती मोठी टोपली घेऊन डोहावर गेला. बघायला निम्मं गाव आलं होतं. त्यानं पिंजरा उचलला. तो हलका लागला. आतून नुसतं पाणी गळलं.

"आज उशिरा येतील," कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत माणसं थांबली. काहीच आलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा निघाला. तिसऱ्या दिवशीही. हैबतीनं जागा बदलून पाहिली. गांडुळं घातली, पेंड घातली, कोंबडीची आतडी घातली. आठ दिवस गेले. पिंजऱ्यात शेवाळाखेरीज काही आलं नाही. बघायला येणारी माणसं कमी होत होत कुणीच उरलं नाही. इकडे राहीचं दूध आटायला लागलं. मुलगी रात्र रात्र रडू लागली.

नवव्या दिवशी हैबतीनं पिंजरा ठेवला आणि तो लव्हाळ्यात लपून बसला. कुणीतरी मासा चोरतंय, अशी त्याची खात्री झाली होती. ऊन चढलं, डोक्यावर आलं, कललं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. पिंजरा त्याला पूर्ण दिसत होता. दिवसभरात त्याच्याजवळ ना माणूस आलं, ना मासा.

तो घरी आला आणि दारातच म्हणाला, "आज कुणी चोरायला आलं नाही. पण आहे नक्की कुणीतरी चोर."

राही मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं. ती सावकाश म्हणाली, "चोरणारं कुणी नव्हतंच. ठेवणारं होतं. ते गेलं."

हैबतीला आधी ते कळलंच नाही. "काय म्हणालीस?"

"तुम्ही पिंजरा ठेवून वरच्या अंगाला गेलात की सकवारकाकी येऊन त्यात एक मासा टाकून जायच्या."

"तुला कुणी सांगितलं?"

"माशांनीच सांगितलं. पिंजऱ्यातल्या माशाचा ओठ फाटत नाही. मी साफ केला त्या प्रत्येक मागुराचा ओठ गळानं फाटलेला होता. पहिल्याच दिवशी मला कळलं. मग मी काकींना निरोप धाडून विचारलं. त्या म्हणाल्या, तू बरी होईपर्यंत त्याला कळू देऊ नकोस."

हैबती जागच्या जागी उभा राहिला. एक हात दाराच्या चौकटीवर होता, तो तिथेच राहिला. फाटलेला ओठ त्यानंही पाहिला होता. एकदा नाही, रोज पाहिला होता, लख्ख उन्हात, स्वतःच्या हातात धरून. कामटीला घासला असेल, असं त्याला वाटलं होतं. ज्यानं जन्मभर मासे हाताळले त्याला ती खूण ओळखता आली नाही, आणि खाटेवर पडलेल्या बाईला आली.

"मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं. 

"सांगितलं असतं तर तुम्ही मासा पुन्हा नदीत सोडला असता," राही म्हणाली. "आणि तुम्ही बंदी मागायला गेलात ते मला चावडी उठल्यावर कळलं. मी काकींकडे निरोप धाडला, की आता मी सगळं सांगते. त्यांनी उलट निरोप दिला, की राहू दे, तुझ्या नवऱ्याला गावात तोंड दाखवायचंय. मी ऐकलं. ते चुकलं माझं."

हैबती तसाच उलट फिरला आणि सकवारीच्या झोपडीकडे गेला. दार दोरीनं बांधलेलं होतं. त्यानं दोरी सोडली. आत चुलीतली राख थंड होती, मडकी पालथी घातलेली होती, आणि भिंतीवर दोरी टांगायची खुंटी तेवढी उरली होती. शेजारच्या म्हाताऱ्याला त्यानं विचारलं. म्हातारा म्हणाला, "गेली वाटतं. कधी गेली कोण जाणे. आम्ही कुठे तिच्याकडे बघत होतो."

सकाळी हैबती चावडीवर गेला. डोक्यावरचं पागोटं काढून त्यानं पाटलापुढे ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःच्या मनात आलेला हिशेबसुद्धा लपवला नाही.

  पाटील म्हणाला, "ती इथेच उभी होती. एका शब्दानं ती तुला खोटा पाडू शकत होती. का नाही पाडलं तिनं?"

"तिला मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचं नव्हतं," हैबती म्हणाला. "आणि मी तिला तेच करायला लावलं."

तेव्हा पाटलाला काहीतरी आठवलं. तो म्हणाला, "माझी सून बाळंत झाली तेव्हा महिनाभर पहाटे आमच्या ओट्यावर पाण्याच्या घागरीत मागूर असायचा. मी समजलो, कुळांपैकी कुणीतरी मला मान म्हणून ठेवतंय. मी कुणाला विचारलंही नाही."

मागून कुंभार उठला. त्याची आई आजारी असताना त्याच्याकडेही तसंच झालं होतं. मग कोपऱ्यातून आणखी एक जण उठला. माणसं एकमेकांकडे बघेनात. दहा दिवसांपूर्वी तिच्यावर हसली ती हीच चावडी होती.

बंदी त्याच क्षणी उठली. पण बंदी उठल्यानं रात्री नदीवर बसणारं माणूस परत येत नाही.

हैबती नदीच्या काठाकाठानं दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाच्या एका वस्तीपाशी सकवार त्याला दिसली. ती काठावर बसून दोरीचे गळ घासत होती. वाळली होती. हैबती तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं तो विसरून गेला.

सकवारीनंच विचारलं, "राहीला दूध येतंय का?"

हैबती तिथेच वाळूत बसला आणि रडला. सकवारीनं त्याला रडू दिलं. गळ घासायचं काम तिनं थांबवलं नाही.

रडून झाल्यावर तो म्हणाला, "काकी, गावात चला. सगळे तुमची वाट बघतायत."

"नाही रे," ती म्हणाली. "तुझ्यावर राग नाही माझा. पण मी त्या चावडीवर उभी राहिले, आणि माझ्या बाजूनं एक माणूस बोललं नाही. ज्यांच्या घरी माझा मासा शिजला होता, तेही हसत होते. आता तिथे मला झोप यायची नाही. मासे दिवसा धरतेस की रात्री, असं इथल्या लोकांनी मला विचारलं नाही. ओटीवर जागा दिली."

हैबतीनं पुन्हा आग्रह केला नाही. सकवारीनं पाण्यात बुडवलेली टोपली ओढली. तिच्यात दोन मागूर होते. दोन्ही तिनं ओल्या पानांत गुंडाळले. मागूर चिवट मासा, ओल्या पानात बराच वेळ तग धरतो. "पाय उचलून चाल. जिवंत पोचतील," ती म्हणाली.

या वेळी हैबतीनं दोन्ही हात पुढे केले.

तो रात्रभर चालला, दिवसभर चालला. पानांवर पाणी शिंपडत राहिला. गावात शिरला तेव्हा दिवेलागण झाली होती. माणसं घराघरांतून बाहेर आली. त्याच्या हातातले मागूर बघून कुणीतरी विचारलं, "सापडले का रे?"

"सापडले नाहीत," हैबती म्हणाला. "सकवारकाकींनी दिले." पुढच्या दारातही तो हेच म्हणाला, त्याच्या पुढच्या दारातही हेच म्हणाला. घर येईपर्यंत त्यानं एकही दार चुकवलं नाही.

राही बरी झाली. मुलगी वाचली. पण त्या गावात पुढे ज्या बाया बाळंत झाल्या, त्यांच्या घरच्यांना मागुरासाठी दोन दिवसांची वाट तुडवावी लागली, आणि काही जणांना ती वाट फार लांब पडली. हैबती पुढे रात्रीही डोहावर बसू लागला. हळूहळू शिकला. तरी सकवारीला जेवढे मासे मिळायचे, तेवढे त्याला कधीच मिळाले नाहीत.

बाळांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका: हाती आलेलं सगळं आपणच मिळवलं असं समजणारा माणूस, ज्या हातानं ते दिलं, तोच हात एक दिवस दूर लोटून बसतो.