मठातली लाल बादली

“आक्का, मठात प्लॅस्टिक?”

हेरंबनं बोट दाखवलं ती लाल बादली भोपळ्याच्या वेलाखाली होती. जुनीपुराणी, चार ठिकाणी तडकलेली, तापल्या उलथन्यानं डाग देऊन सांधलेली.

तुळसाक्का वाळत घातलेल्या मिरच्या उलटत राहिल्या.

हेरंबला राहवेना. राहवेल कसं? बारा वर्षं त्याच्या पुण्याच्या घरात कापडी सोडून दुसरी पिशवी आली नव्हती. दात बांबूच्या ब्रशनं, कामावर जाणं सायकलनं, ओल्या कचऱ्याचं खत. आणि यातलं एकही काम असं नव्हतं, ज्याचा फोटो चारचौघांत गेला नाही. हातानं करतो त्याच्या दुप्पट तोंडानं करतो, असं त्याची बायकोच म्हणायची. तरी मन काही निवत नव्हतं. म्हणून तर तो टाकेवाडीचा डोंगर चढून आक्कांकडे अनुग्रह मागायला आला होता. आक्का कानात मंत्र देतात आणि तो जन्मात कुणाला सांगायचा नसतो, एवढं त्यानं ऐकलं होतं.

बादली टाकून द्या, मी तांब्याची कोरी घागर आणलीय, असं त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. आक्कांनी घागरीचं खोकं पाहिलं. खोकं थर्माकोलचं होतं, वर प्लॅस्टिकचे तीन पदर. हेरंबच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

“बरं,” आक्का म्हणाल्या. “जिथं कुणाच्या वाटेत येणार नाही, अशा जागी ती टाकून ये. मग देते अनुग्रह.”

एवढंच? हेरंबला हसू आलं. बादली उचलून तो निघाला.

ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. त्यातल्या म्हातारीनं बादली पाहिली आणि त्याचा बेत ओळखला. इथं टाकशील तर खालच्या वाडीच्या बंधाऱ्यात जाऊन अडकेल, म्हणाली. आणि आलाच आहेस रिकामा, तर चार बादल्या पाणी काढून दे. चाराच्या चौदा झाल्या. सदरा चिंब भिजला, बायका खिदळल्या आणि त्यालाही हसू आवरेना.

मग तो जुन्या दगडखाणीवर गेला. तिथं म्हाळू धनगर मेंढ्या चारत होता. पुरावी म्हटलं, तर पाऊस उकरून काढतो. जाळावी म्हटलं, तर धूर काय तुमच्या पुण्याला जातोय, इथंच बसतोय, म्हाळू म्हणाला. आणि त्यानं बादली मागूनच घेतली. खाणीतलं पाणी तीत काढून कोकरांपुढं ठेवली. एका कोकरानं असं तोंड खुपसलं, की काही केल्या निघेना. त्या ओढाताणीत कडी तुटली.

हेरंबनं तुटकी कडी चटकन उचलून घेतली. टाकायला आणलेल्या बादलीची कडी तुटली तर आपल्याला वाईट का वाटावं, हे त्याचं त्यालाच कळेना.

म्हाळूनं लोकरीची दोरी दिली. बांधली मात्र हेरंबनं. गाठ तीनदा सुटली, चौथ्यांदा बसली.

दिवस कलताना तो मठात आला. बादली ओढ्याच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. ओट्यावर घागर मांडली होती, वाटसरूंना प्यायला. आक्का थर्माकोलच्या खोक्यात माती भरत होत्या.

“टाकलीस?”

“नाही...”

“का?”

“जागाच नाही, आक्का. जावं तिथं कुणीतरी आहेच.”

अनुग्रह हुकला होता. रडू यायला हवं होतं. पण दिवसभराच्या हसण्यानं वाटत होतं इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

“कडी तुटली,” तो म्हणाला. “ती बांधली तेवढी.”

आक्कांनी गाठ ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग त्याला जवळ बोलावलं.

तो कान पुढं करून बसला...

कानात काही आलं नाही. आक्कांनी एक वाळकी मिरची मोडली, त्याचा तळहात उघडला आणि त्यावर बी ठेवलं. खोक्याकडे मान हलवली.

हेरंबचा चेहरा खुलला. त्याचा दुसरा हात सवयीनं खिशातल्या मोबाइलकडे गेला.

“पेर,” आक्का म्हणाल्या. “आणि उगवेपर्यंत कुणाला सांगू नकोस.”