चौतिसावा दिवस

“आणि उद्या पस्तिसाव्या दिवशी कोणी आला, तर त्याला काय सांगू, महाराज?”

श्रेणिक मगदूम हात जोडून बसले होते. पण स्वर उत्तर मागणाऱ्याचा नव्हता. नगरपालिकेच्या मिळकतकर विभागाचे ते प्रमुख. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही अर्जदारास एका दिवसाचीही सूट दिली नव्हती, आणि ही गोष्ट ते न विचारता सांगत.

बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओसरीवर, पाटावर, दिगंबर मुनी बसले होते.

मग मगदूमांनी प्रकरण सांगितले. आदगोंडा चौगुले यांची यंत्रमागाची शेड आगीत जळाली. जळून बंद पडलेल्या व्यापारी मिळकतीस करात सवलत मिळते. मात्र मालकाने तीस दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. चौगुले एकोणतिसाव्या दिवशी आले होते. अर्जावर सही नसल्यामुळे कारकुनाने त्यांना परत पाठवले. पुन्हा आले ते चौतिसाव्या दिवशी. मगदूमांनी शेरा लिहिला : मुदतबाह्य. सवलत गेली, पूर्ण कर थकला, आणि येत्या सोमवारी बचावलेल्या चार मागांसह जागेचा लिलाव ठरला. चौगुल्यांनी अपील केले होते. वरिष्ठांनी त्यावर मगदूमांचे मत मागवले होते. ते आज कार्यालय बंद होण्यापूर्वी पोचवावयाचे होते.

“सही का नव्हती?”

“दोन्ही हात भाजले होते.”

“अंगठा?”

“तोही पट्टीत होता.”

“उशीर माफ करण्याचा अधिकार तुम्हांला नाही?”

“आहे. पुरेसे कारण असल्यास. मी तो कधी वापरला नाही.” मगदूम किंचित ताठ झाले. “एकाला सूट दिली की दारात रांग लागते. आपल्याकडे कोणी अर्ज घेऊन येत नाही, महाराज. म्हणून आपल्याला हे सोपे वाटते.”

“तुम्ही आलात की.”

मगदूमांनी विषय सकाळच्या प्रसंगाकडे वळवला. त्या दिवशी मुनींचा आहार चौगुल्यांच्याच घरी होता आणि मगदूम तेथे हजर होते. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, जोडलेल्या ओंजळीत अन्नपाणी घेतात. आहार चालू असता रक्त दृष्टीस पडले, तर ओंजळ सोडावी लागते. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घेता येत नाही. चौगुले उंबऱ्यापाशी हात जोडून उभे होते. जोडलेल्या हातांच्या पट्टीतून रक्त झिरपले. तिसऱ्या घासाला मुनींची ओंजळ सुटली. ते निघून गेल्यावरही चौगुले भिंतीवर कपाळ टेकून उभेच होते; आपल्यामुळे महाराज उपाशी गेले, एवढेच म्हणत होते.

“त्यांच्याकडे पाहूनसुद्धा आपण नियम वाकवला नाहीत,” मगदूम म्हणाले. “मला तेच हवे आहे. निवृत्त होईपर्यंत मुदतीत कोणास सवलत देणार नाही, असा नियम, व्रत म्हणून, मला द्या.”

“सकाळी नियम कोणाचा होता?”

“आपला.”

“उपास कोणाला घडला?”

“आपल्यालाच.”

मुनींचे ओठ सुकले होते. बोलताना ते विलग होण्यास क्षणभर लागे.

“नियम देतो.”

त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलली. मगदूमांनी मस्तक लववले; पिंछी त्यावर टेकली.

“ज्या दिवशी मुदतबाह्य असे लिहाल, त्या दिवशी तुम्हांला अन्न नाही. पाणीही नाही.”

मस्तक लवलेलेच राहिले…

“महाराज, मार्चअखेर आहे. असे अर्ज रोज दहा-बारा येतात. रोज एक तरी शेरा लिहावाच लागतो. मी जगेन कसा?”

पिंछी मस्तकावर तशीच होती. हात जोडून मागितलेला नियम परत करता येत नाही, हे मगदूम लहानपणापासून जाणत होते. त्यांच्या आईने असा एक नियम ज्वर चढलेला असतानाही मोडला नव्हता.

“निदान उद्यापासून लागू करा,” ते हळू आवाजात म्हणाले. “आजचे मत, मुदतबाह्य हेच, टंकून झाले आहे. या पिशवीतच आहे. जाताना तेवढे पोचवतो. उद्यापासून नियम पाळेन.”

मगदूमांनी पुन्हा हात जोडले. “एका दिवसाची सवलत द्या, महाराज.”

“दिली.”

मगदूमांनी मान वर केली. पदरी आलेली गोष्ट कोठे ठेवावी, हे त्यांना सुचत नव्हते.

“आपण कारणही विचारले नाहीत.”

मुनींनी पिंछी खाली ठेवली. पिशवीतून डोकावणाऱ्या कागदाकडे त्यांनी एकदा पाहिले.

“चौगुले थोड्या वेळात येथे येतील. तुम्हांला एक दिवस मिळाला; त्यांना मी काय सांगू, तेवढे लिहून ठेवा.”