बाजारात बसणारे गाढव

पूर्वी वेणुनगरात सुदर्प नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गाढवाच्या जन्मात होता आणि भद्रंकर वैद्याची ओझी वाहत होता.

भद्रंकराचा हात फार गुणी. जन्मापासून आत वळलेली मुलांची पावले तो हळूहळू सरळ करी. चुन्यात भिजवलेल्या पट्ट्या बांधी, सात दिवसांनी सोडी, पाऊल थोडे आणखी वळवी आणि पुन्हा बांधी. पण हे सारे नगरातल्या आपल्या घरी. दर आठवड्याला मात्र तो दूरच्या टेकडीवरच्या महालात जाई, कारण राजाला पाय चोळून घ्यायला आवडे. राजाच्या पायांना काही झालेले नव्हते. वेळेवर पोचले की गाढवाला पायलीभर जव मिळत.

वाटेत कदंबग्रामचा आठवडी बाजार लागे. तिथे एकदा उत्पला नावाची बाई तान्ह्या तिस्सेला घेऊन आडवी आली.

"वैद्यबुवा, हिचं पाऊल बघा हो."

"नगरात आण. दर सात दिवसांनी. हाडे कोवळी आहेत तोवरच जमेल."

"जायला एक दिवस, यायला एक दिवस. घरी आणखी दोघं आहेत, त्यांना कोण बघणार?"

"मग मी काय करू?" वैद्य म्हणाला. तो दुष्ट नव्हता, घाईत होता.

बोधिसत्त्वाने हे ऐकले. आपल्याला पट्टी बांधता येत नाही, त्याने विचार केला. पण एक गोष्ट येते. आणि तो भर बाजारात खाली बसला.

वैद्याने ओढले, ढकलले, शेवटी हात जोडले. लसूण विकणारी म्हातारी ओरडली, "अहो, गावाचे पाय सरळ करता, गाढवाचे तेवढे राहिले वाटतं!"

सगळा बाजार हसला. लाज झाकायला वैद्य म्हणाला, "मीच थांबलोय, मुलीसाठी." आणि त्याने पट्टी बांधली. गाढव उठले. महालात उशीर झाला, जव बंद झाले.

पुढच्या बाजारी गाढव पुन्हा तिथेच बसले. त्याच्या पुढच्याही. चौथ्या बाजारी अकरा आया लेकरे घेऊन आल्या. बसायला मऊ लागावे म्हणून कुणी पेंढाही पसरला होता.

"बसलं का गं?" उशिरा येणारी एखादी विचारी.

"बसलं, बसलं! चला!"

तिस्सेचे पाऊल जवळजवळ सरळ झाले. टाच तेवढी राहिली. आता खंड पडला असता तर पाऊल पुन्हा आत वळले असते. तेवढ्यात उशिराला कंटाळून राजाने वैद्यासाठी शिपायाबरोबर घोडा पाठवला. गाढव चुन्याची पोती घेऊन धापा टाकीत मागे राहिले.

वैद्याला घेऊन घोडा बाजारातून निघाला. तो कशाला बसतो! उत्पलेने मुलीला पोटाशी धरले. घोडा लसणाच्या ढिगापुढे गेला, आणि वैद्याने लगाम खेचला.

"महाराज वाट बघताहेत," शिपाई म्हणाला.

"महाराजांचे पाय सरळ आहेत," वैद्य म्हणाला आणि खाली उतरला.

गाढव पोचले. वैद्य जमिनीवर बसलेला पाहून ते उभेच राहिले.

"बस की रे!" म्हातारी म्हणाली. "तुझी जागा का सोडतोस?"

वर्षभराने तिस्सा दोन्ही पायांचे तळवे टेकवून चालली. पहिली गेली ती गाढवाची शेपटी ओढायला.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा वैद्य म्हणजे हा भिक्षू सोमरक्षित. आजाऱ्यांनीच विहारात यावे, असे तो आज सकाळी म्हणत होता. तिस्सा म्हणजे गावोगाव औषधे नेणारी भिक्षुणी क्षेमंकरा. लसूणवाली ती, जी आताही पुढे बसून हसते आहे. आणि गाढव मी होतो."

याला अधिष्ठान म्हणतात. दुसऱ्याच्या भल्यासाठी एकदा बसले की मग हलायचे नाही.