सायत्राची हाक

फार वर्षांपूर्वी, इतक्या की आपल्या आज्याच्या आज्यानेही ही गोष्ट नुसती ऐकलेलीच होती, कमळटोल्यात एक बहीण आणि एक भाऊ राहत. बहीण सायत्रा मोठी, डोमा धाकटा. आईबाप लवकर गेले. गाव ढिवरांचं, तळ्याच्या काठावरचं. झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यांतून लोक मासे धरत, शिंगाडे तोडत.

सायत्राचा आवाज असा होता, की ती हसली तर तळ्यावरची बदकं उडून जात, असं म्हणतात. तिच्या शिंकेने चुलीवरचं दूध उतू गेलं, असंही म्हणतात. पण ते शेजारणीचं म्हणणं. आता शेजारीण दुधाकडे बघत होती की दुसरीकडेच, कोण सांगणार?

डोमाची तऱ्हा उलटी. पाण्याखाली शिंगाड्याला काटा फुटला तर ते त्याला ऐकू येई. मुंगी भिंत चढू लागली की त्याची झोप मोडे. म्हणून तो कानात सावरीच्या कापसाचे बोळे घालून बसे. तरी जराशा मोठ्या आवाजाने कळवळून जाई.

तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कुणी मोठ्याने बोलायचं नाही, मासे बिचकतात, अशी गावाची रीत. सायत्राला तर पाळीवर यायचीच बंदी होती. इस्तारीबुवा गावात वडीलधारे, त्यांनीच ती घातली होती. सायत्राने ती मुकाट ऐकली. तशीही ती घरात कुजबुजतच बोले, डोमासाठी. पण भाऊ समोर जेवायला बसला की तिला वाटे, एकदा तरी याला पोटभर हाक मारावी. मग ती भाताचा घास घेई आणि हाक गिळून टाकी.

एका भाऊबीजेला डोमाचा सोडून बाकी सगळे डोंगे शिंगाडे तोडायला गेले आणि तळ्यावर धुकं उतरलं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. सूर्य वर आला तो चंद्रासारखा फिकट, आणि सारस पक्षी धुक्यावरून पाय टाकत चालत गेले, असं म्हणतात. दुपार झाली तरी एकही डोंगा परतला नाही. काठावरच्या लोकांनी हाका मारल्या, पण पिढ्यानपिढ्या पाळीवर गप्प राहिलेले ते गळे! हाका धुक्यात चार हातही गेल्या नाहीत.

डोमा म्हणाला, "ते तळ्याच्या मधातच फिरून रायले. मले त्यांचा श्वास ऐकू येते." आणि तो आपला डोंगा घेऊन आत गेला.

त्याला माणसं सापडली. एकेक डोंगा त्याने गोळा केला. पण काठ कुठे आहे ते त्याला कळेना, कारण भोवती गोळा झालेल्या श्वासांच्या गलक्यात काठाचा आवाजच येत नव्हता. इकडे ऊन उतरलं, थंडी वाढली. तेव्हा इस्तारीबुवा सायत्राच्या दारात आले.

"पोरी, पाळीवर चाल. मार हाक. माहे दोन्ही पोरं आत आहेत."

"मारली असती, बुवा," सायत्रा म्हणाली. "पन माह्या डोमाचे कान फुटतीन."

बुवा उंबऱ्यावर बसले, त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि ते रडू लागले. सायत्रा पाळीवर गेली, पण तिचं तोंड उघडेना. ती पाण्याकडे बघत उभी राहिली, आणि धुक्यातून तरंगत दोन पांढरे बोळे तिच्या पायाशी आले. सावरीचा कापूस पाण्यात बुडत नाही. डोमाने कान मोकळे केले होते. तो वाट बघत होता.

सायत्रा रडली. मग तिने ऊर भरून हाक मारली, "डोमाऽऽ!"

धुकं उभं फाटलं, असं म्हणतात. मिटलेली कमळं संध्याकाळी पुन्हा उमलली, आणि डोंगे त्या हाकेमागे ओळीने काठाला लागले. डोमाचा सर्वांत शेवटी. सायत्राने त्याला काहीतरी विचारलं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"केवढी गोड हाक मारली वो बाई!" तो म्हणाला. जन्मभर कुजबुजणारा डोमा एवढ्या मोठ्याने बोलला, की बदकं उडाली. त्याला स्वतःचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर सायत्रा भावाशी मोकळ्या गळ्याने बोलू लागली, रोज, दिवसभर. तो मान डोलवत बसे. त्याच्या कानांत ती एक हाक मरेपर्यंत घुमत होती, असं म्हणतात. खरं असावं. खरं असलंच पाहिजे.

पाळीवर गप्प राहायची रीत अजूनही आहे. फक्त भाऊबीजेच्या सकाळी कमळटोल्याच्या सगळ्या बहिणी तिथे उभ्या राहतात आणि तळ्याकडे तोंड करून आपापल्या भावाला नावाने हाक मारतात. कुणाचा भाऊ शेजारीच उभा असतो, कुणाचा दूर शहरात. ज्यांचे भाऊ आता नाहीत, त्याही येतात. त्यांच्या हाका सगळ्यांत मोठ्या असतात.