इवलीची शेपटी आणि रविवारची सहल

सहल मोडली ती इवलीमुळे. हे आधी सांगितलेले बरे.

इवली ही एक पाल. बोटाएवढी. ती तनूच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहत असे. इवली लहान होती, पण तिची शेपटी लांब होती. शेपटीच्या टोकाला एक पांढरा पट्टा होता. सबंध भिंतीवर अशी शेपटी दुसरी नव्हती.

एके दिवशी घरात बेत चालला होता. मोठ्या शहरात जायचे. तिथली प्राण्यांची मोठी बाग पाहायची. रविवारी जायचे. सगळ्यांनी जायचे.

बाबा म्हणाले, "तिथे हत्ती आहे."

आई म्हणाली, "तिथे जिराफ आहे."

बाबा म्हणाले, "आणि तिथल्या तळ्यात मगर आहे."

इवलीने मान वर केली. सगळ्या पाली सांगत, मगर म्हणजे आपल्या घराण्यातली थोरली आजी. इवलीने ती कधी पाहिली नव्हती. आपणही जावे. मगरआजीला भेटावे. तिला आपली शेपटी दाखवावी. इवलीला फार आनंद झाला.

आनंद झाला, की इवली काय करी? चुकचुके.

चुक् चुक् चुक्.

बाबांची गोदूआत्या घरात सर्वांत मोठी. तिने ते ऐकले. तिने बोटांनी जमिनीवर टकटक केले.

"कृष्ण, कृष्ण," आत्या म्हणाली. "बेत करताना पाल चुकचुकली. अपशकुन झाला. सहल नको."

आत्याने नको म्हटले, की नको. बाबांनी वही मिटली. आईने पिशवी खुंटीला टांगली. तनूने भोकाड पसरले.

ऊंऽ ऊंऽ ऊंऽ.

सहल गेली. मगरआजीही गेली.

इवली निघाली. सरसर सरसर सरसर. ती गोदूआत्याकडे गेली. आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती.

इवली म्हणाली,
"गोदूआत्या, गोदूआत्या, हो म्हणा.
आत्या हो म्हणाली, की सहल निघेल.
सहल निघाली, की मी मगरआजीला भेटेन."

आत्याने सुपातून नजर वर केली. "तूच चुकचुकलीस ना? आणि आता तूच विचारायला आलीस?"

"मी आनंदाने चुकचुकले," इवली म्हणाली.

"ते मला कसे कळावे? अपशकुन तो अपशकुन. आता शुभ शकुन हवा. आधी भारद्वाज दिसू दे. मग मी हो म्हणेन."

इवली निघाली. सरसर सरसर सरसर. ती भारद्वाजाकडे गेली. भारद्वाज हा काळा पक्षी. पंख तांबडे, डोळे लाल. तो कुंपणाच्या दाट पानांत बसला होता. हुप् हुप् हुप्. भारद्वाजाला पाली फार आवडतात, खायला. म्हणून इवली पन्हाळीच्या आत राहूनच बोलली.

"भारद्वाजबुवा, भारद्वाजबुवा, अंगणात या.
भारद्वाज दिसला, की आत्या हो म्हणेल.
आत्या हो म्हणाली, की सहल निघेल.
सहल निघाली, की मी मगरआजीला भेटेन."

भारद्वाज म्हणाला, "अंगणात मी चालत येतो. उडण्याचा मला कंटाळा. पण वाटेत बोका बसला आहे. आधी बोका उठू दे. मग मी दिसेन. तू जरा बाहेर ये ना, नीट बोलू."

"नको," इवली म्हणाली. "इथूनच बरे ऐकू येते."

इवली निघाली. सरसर सरसर सरसर. ती बोक्याकडे गेली. बोका कुंपणाखाली पसरला होता. घुर्र घुर्र घुर्र. इवली भिंतीवर उंच थांबली.

"बोकोबा, बोकोबा, उठा.
बोका उठला, की भारद्वाज दिसेल.
भारद्वाज दिसला, की आत्या हो म्हणेल.
आत्या हो म्हणाली, की सहल निघेल.
सहल निघाली, की मी मगरआजीला भेटेन."

बोक्याने एक डोळा उघडला. "एवढीशी तू, आणि म्हणे मगर माझी आजी. मग वाघ माझा मामा."

"असेलही," इवली म्हणाली. "तुम्ही उठता ना?"

"कुठे जाऊ उठून? सकाळपासून मी सहलीच्या पिशवीत झोपलो होतो. मऊ होती. आता ती खुंटीला टांगली आहे. आधी पिशवी उतरू दे. मग मी उठेन."

इवली निघाली. सरसर सरसर सरसर. ती पिशवीकडे गेली. पिशवी खुंटीला लोंबत होती. लटक लटक लटक.

"पिशवीबाई, पिशवीबाई, उतरा.
पिशवी उतरली, की बोका उठेल.
बोका उठला, की भारद्वाज दिसेल.
भारद्वाज दिसला, की आत्या हो म्हणेल.
आत्या हो म्हणाली, की सहल निघेल.
सहल निघाली, की मी मगरआजीला भेटेन."

पिशवी म्हणाली, "रिकामी पिशवी खाली उतरली, तर लोक म्हणतील, भाजी आणायला निघाली. मी सहलीची पिशवी आहे. आधी डबा भरू दे. त्याला घ्यायला मी उतरेन."

इवली निघाली. सरसर सरसर सरसर. ती डब्याकडे गेली. डबा फळीवर पालथा पडला होता. खण खण खण.

"डबेराव, डबेराव, भरा.
डबा भरला, की पिशवी उतरेल.
पिशवी उतरली, की बोका उठेल.
बोका उठला, की भारद्वाज दिसेल.
भारद्वाज दिसला, की आत्या हो म्हणेल.
आत्या हो म्हणाली, की सहल निघेल.
सहल निघाली, की मी मगरआजीला भेटेन."

डबा म्हणाला, "कशाने भरू? वाऱ्याने? सहलीला दशम्या लागतात. दुधात पीठ भिजवून केलेल्या, मऊ. आधी दशम्या होऊ देत. मग मी भरेन."

इवली निघाली. सरसर सरसर सरसर. ती तनूच्या आईकडे गेली. आई तनूला थोपटत होती. थप थप थप.

"तनूची आई, तनूची आई, दशम्या करा.
दशम्या झाल्या, की डबा भरेल.
डबा भरला, की पिशवी उतरेल.
पिशवी उतरली, की बोका उठेल.
बोका उठला, की भारद्वाज दिसेल.
भारद्वाज दिसला, की आत्या हो म्हणेल.
आत्या हो म्हणाली, की सहल निघेल.
सहल निघाली, की मी मगरआजीला भेटेन."

आई म्हणाली, "दशम्या थापायला दोन हात लागतात, इवले. एका हाताने मी तनूला धरले आहे. दुसऱ्याने थोपटते आहे. तिसरा हात मला नाही. आधी तनूचे रडू थांबू दे. मग मी दशम्या करीन."

आता लांब जायचे नव्हते. तनू तिथेच होती. नाक लाल, गाल ओले. ऊंऽ ऊंऽ ऊंऽ.

इवली म्हणाली,
"तनूताई, तनूताई, रडू नका.
रडू थांबले, की आई दशम्या करील.
दशम्या झाल्या, की डबा भरेल.
डबा भरला, की पिशवी उतरेल.
पिशवी उतरली, की बोका उठेल.
बोका उठला, की भारद्वाज दिसेल.
भारद्वाज दिसला, की आत्या हो म्हणेल.
आत्या हो म्हणाली, की सहल निघेल.
सहल निघाली, की मी मगरआजीला भेटेन."

तनू म्हणाली, "मला हत्ती बघायचा होता. आधी सहल निघू दे. मग मी रडू थांबवीन."

इवली थांबली.

सहल निघाली, तर रडू थांबेल. रडू थांबले, तर सहल निघेल. वाट फिरून जिथल्या तिथे आली. पुढे जायला कुणी उरले नव्हते.

इवलीने विचार केला. बेत कुणी मोडला? मी मोडला. मग तो कुणी जोडावा? मी जोडावा.

तिने मागे वळून पाहिले. लांब शेपटी. टोकाला पांढरा पट्टा. ही शेपटी मगरआजीला दाखवायची होती. इवलीने ती एकदा डावीकडे हलवली. एकदा उजवीकडे हलवली. मग ती तनूसमोर फरशीवर उतरली.

आणि तिने शेपटी सोडली.

तट्.

दुखले नाही. पालीला शेपटी सोडता येते. सुटलेली शेपटी गप्प राहत नाही. ती एकटीच नाचू लागली. टुणुक टुणुक टुणुक. इकडे टुणुक. तिकडे टुणुक. पांढरा पट्टा वर, पांढरा पट्टा खाली.

तनूने एक हुंदका दिला. दुसरा अर्धाच दिला. तिसरा दिलाच नाही.

"आई, बघ," तनू म्हणाली. "शेपटी एकटीच नाचते." आणि ती हसली. खुद् खुद् खुद्.

तनूचे रडू थांबले.
रडू थांबले, तशा आईने दशम्या केल्या. थप थप थप.
दशम्या झाल्या, तसा डबा भरला. खण खण खण.
डबा भरला, तशी पिशवी उतरली. लटक लटक लटक.
पिशवी उतरली, तसा बोका उठला. घुर्र घुर्र घुर्र.
बोका उठला, तसा भारद्वाज निघाला. हुप् हुप् हुप्.

भारद्वाज अंगणातून चालत गेला. अगदी सावकाश. गोदूआत्या ओसरीवरच होती. तिने सुपातून नजर वर केली. तांबडे पंख पाहिले. लाल डोळे पाहिले. तिने सूप खाली ठेवले आणि हात जोडले.

"शुभ शकुन झाला," आत्या म्हणाली. "बेत करा."

बाबांनी वही उघडली. सगळे ओसरीवर बसले. इवली खांबावर बसली. तिची शेपटी आता आखूड होती. बसताना तिला तोल सावरावा लागला.

बाबा म्हणाले, "रविवार."

"कबूल," आई म्हणाली.

"सकाळची पहिली एस.टी."

"कबूल," आत्या म्हणाली. "पण मला खिडकी हवी."

"खिडकी आत्याला," बाबांनी वहीत लिहिले. "पिशवीत डबा, पाणी आणि तनूची टोपी."

बोका पिशवीत शिरून बसला होता. त्याने मान बाहेर काढली. "पिशवी परत कधी येईल?"

"रविवारी संध्याकाळी," आई म्हणाली.

"तर मग कबूल," बोका म्हणाला आणि पुन्हा झोपला.

भारद्वाजाला कुणी विचारले नाही. तो केव्हाच कुंपणात गेला होता.

मग बाबा म्हणाले, "बागेत गेल्यावर आधी काय पाहायचे? तनूला हत्ती पाहायचा आहे. आधी हत्ती लिहितो."

तनूने खांबाकडे पाहिले. आखूड शेपटीकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले.

"आधी मगर," तनू म्हणाली. "हत्ती मग."

बाबांनी हत्ती खोडला. तिथे मगर लिहिली. त्याच्या खाली हत्ती लिहिला.

इवली हळूच म्हणाली, "पण माझी शेपटी गेली. आता मगरआजीला काय दाखवू?"

"शेपटी पुन्हा येते," आई म्हणाली. "आणि शेपटी कशी गेली, ते मगरआजीला तू सांग. एवढे पुष्कळ आहे."

आत्या म्हणाली, "इवली पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात बसेल. माझी हरकत नाही. पण एक अट आहे. आपण निघाल्यापासून तळ्यापाशी पोहोचेपर्यंत चुकचुकायचे नाही. एकदासुद्धा नाही."

सगळ्यांनी इवलीकडे पाहिले.

इवलीला फार आनंद झाला. भिंतीवर झाला होता, त्याहून जास्त झाला. आनंद झाला, की इवली काय करी? चुकचुके. आताही चुकचुक तिच्या गळ्यापर्यंत आली. इवलीने तोंड घट्ट मिटले. चुकचुक गिळून टाकली. मग तिने आपली आखूड शेपटी हलवली. एकदा डावीकडे. एकदा उजवीकडे.

गोदूआत्याने ते पाहिले.

"लिहा," ती बाबांना म्हणाली. "इवलीही कबूल."