देठाकडची चकती

आंबरवड्यात नदीच्या अंगाला दोन घरं समोरासमोर आहेत आणि त्यांच्या मधल्या बोळात एक काळा, चपटा दगड आहे. त्याला शेंदूर लावलेला नाही, त्याच्यावर कुणी फूलही वाहत नाही. फक्त त्याची पाठ विळ्याच्या वारांनी भरलेली आहे, इतकी, की पावसाचं पाणी त्या चिरांत दिवसभर साचून राहतं. गाव त्याला साळूचा दगड म्हणतं.

सकाळी परसातली भाजी निघाली की बायका ती घेऊन इथेच येतात. कुणाकडे दोडके जास्त झालेले असतात, कुणाकडे काकड्या, कुणाचा घेवडा संपता संपत नाही. रात्री काय करायचं याचंही इथेच ठरतं. दोडक्यात चण्याची डाळ घालू की मूग, सालींची चटणी तिळात वाटू की जवसात, सासऱ्यांना दात नाहीत तर घेवड्याचं काय करू, असलं सगळं. पण दुधी असो की काकडी, कुणी अख्खी देत नाही. देणारी आधी दगडावर देठाकडची चकती कापते, सगळ्यांदेखत कच्ची चावून खाते, गिळते, क्षणभर थांबते. मग म्हणते, “गोड आहे गं.” तेव्हा कुठे भाजी दुसरीच्या हातात जाते.

बाहेरून आलेल्या बायकांना हे बघून कसंसंच होतं. उष्टं काय द्यायचं कुणाला! एखादी तसं बोलूनही दाखवते. मग भागाक्का, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तिला दगडाशेजारी बसवून घेते. “बस जरा. आधी ऐक, मग नाक मुरड,” म्हणते, आणि सांगायला लागते.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. तेव्हा नदीवर पूल नव्हता. पलीकडे जायचं तर कडू भोपळ्यांची सांगड लागायची. पिकलेले भोपळे वाळवून पोकळ करायचे, दोरीने एकत्र बांधायचे, छातीखाली घ्यायचे आणि पाण्यात उतरायचं. म्हणून प्रत्येक घरी कडू भोपळ्याचा एक वेल असायचा. तो मात्र खायच्या दुधीपासून लांब, कुंपणापलीकडे लावायची रीत होती. का, ते कुणाला सांगता आलं नसतं. सासू लावायची म्हणून सून लावायची.

त्या वेळी या दोन घरांत साळू आणि हौसा राहायच्या. साळू माळावरच्या गावातून लग्न होऊन आलेली. तिकडे प्यायलाच पाणी पुरेना, तिथे परसू कुठलं? इथे नदीकाठची माती हाताला लागली आणि साळूला जसं वेडच लागलं. तिने काठी रोवली तरी फुटायची, असं सांगतात. हौसाच्या हाताला चव होती. मग दोघींचं असं ठरून गेलं, की साळूने पिकवायचं आणि हौसाने शिजवायचं. इकडून टोपली जायची, तिकडून भांडं यायचं. साळूचा मुलगा गेणू आणि हौसाची मुलगी मैना कुणाच्या घरी जेवलीत, हे विचारावं लागायचं.

द्यायची पण रीत होती. पहिलं फळ आपण खायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं. आणि सवाष्णीच्या पदरात घालायचं ते अख्खं, देठासकट. त्याला विळा लागलेला चालायचा नाही. मग ते चाखून बघण्याची गोष्ट तर लांबच राहिली.

एका वर्षी वादळाने साळूचा कुंपणापलीकडचा मांडव पाडला. कडू वेल जमिनीवर लोळायला लागला. सांगडीला भोपळे तर हवेत, नाहीतर नवरा पलीकडच्या रानात जाणार कसा? साळूने इकडे तिकडे बघितलं आणि हौसाला हाक मारली.

“येतेस का जरा? हा वेल दुधीच्याच मांडवावर चढवू.”

“चालतं का तसं?”

“एका वर्षाचं तर आहे. कोण बघतंय!”

हौसाने वेल उचलून धरला, साळूने सुतळीने बांधला. दोन्ही वेल एकमेकांत गुंतून वाढले. पांढरी फुलं दोघांनाही सारखीच. त्या वर्षीचे दुधी नेहमीसारखे गोड निघाले. साळूने त्यातलाच एक बियाण्याला ठेवला.

पुढच्या वर्षी तेच बी लावलं. वेल असा फोफावला की येणारे जाणारे थांबून बघायचे. पहिला दुधी धरला तो मनगटाएवढा होईपर्यंत साळू रोज त्याला हात लावून बघायची. कोवळा, लवदार, फिकट हिरवा. दिसायला कुठेच खोट नव्हती.

त्याच दिवसांत मैनाला ताप आला. ताप उतरेना तेव्हा हौसाने देवाला सांगितलं, पोरगी उठून बसेपर्यंत मी दिवेलागणीनंतर अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. एका संध्याकाळी मैनाला घाम सुटला, अंग गार झालं आणि ती म्हणाली, “भूक लागली.” हौसा तशीच धावत बोळात आली.

“साळू, भूक म्हणतेय गं! काय देऊ तिला? जड नको काही.”

साळूने मांडवाकडे बघितलं. “थांब,” म्हणाली. पहिला दुधी देठासकट तोडला, हळदकुंकू लावलं आणि हौसाच्या पदरात घातला. “किसून दुधात शिजव. वरून गूळ. कढत नको देऊ.”

“गूळ जरा जास्तच घालते. तोंडाला चव नाही तिच्या.”

अर्धा दुधी किसला, अर्धा कोनाड्यात राहिला. हौसाला स्वतःला खायचं नव्हतं, म्हणून तिने खीर जिभेला लावली नाही. साळू मैनाच्या उशाशी बसली होती. मैनाने पहिला घास घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

“आई, कडू लागतंय.”

हौसाने साळूकडे बघितलं. साळू हसली. “तापाचं तोंड आहे गं. माझ्या गेणूलाही असंच झालेलं, साखर कडू म्हणायचा. खा, माझे बाई. मावशीच्या मांडवावरचा पहिला दुधी आहे, तुझ्यासाठी ठेवलेला.”

हौसाने आणखी गूळ कुस्करला. मैना गुणी पोर होती. मावशीला वाईट वाटू नये म्हणून तिने डोळे मिटून सगळं खाल्लं आणि रिकामी वाटी साळूला उलटी करून दाखवली.

थोड्याच वेळात पोटात पिळायला लागलं. मग उलट्या. मग उलट्यांतून रक्त. नदीला पूर होता, वैदू पलीकडे. हौसाचा नवरा सांगड बांधून पाण्यात उतरला, पण धारेने त्याला मागे आणून टाकलं. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर यायच्या आत मैना गेली.

गाव बोळात जमलं. कुणी म्हणालं तापच उलटला, कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल. एक बाई हळूच म्हणाली, “परक्या गावची आहे साळू. तिने काय घातलं कुणाला ठाऊक.” साळू आपल्या दारात उभी राहून ओरडली, “माझ्या दुधीने कसं होईल? मी तिला माझ्या गेणूसारखं बघितलं! तापच होता तो!” ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. तसं वाटणं तिला हवं होतं.

मैनाला माती देऊन माणसं परतली तेव्हा हौसा घरातून बाहेर आली. तिच्या हातात कोनाड्यातला अर्धा दुधी होता. ती रडत नव्हती. बोळाच्या मधोमध, या दगडावर तिने तो ठेवला.

“चांगला आहे म्हणतेस ना?” ती म्हणाली. “मग गेणूला वाढ.”

साळूच्या सासूने पदर तोंडात धरला. साळू दगडापाशी आली, खाली बसली आणि विळ्याने देठाकडची चकती कापली. गेणू सकाळपासून उपाशी होता. आईने काही कापलं म्हणताच तो नेहमीसारखा हात पुढे करून आला. साळूने त्या हातावर फाडकन मारलं, आणि चकती स्वतःच्या तोंडात टाकली.

जीभ आखडली. कानामागून डोक्यापर्यंत कडूजहर चढलं. हे तापाचं तोंड नव्हतं. थुंकून टाकून ‘गोड आहे’ म्हणाली असती तरी कुणी उलट तपासलं नसतं, असं भागाक्का इथे दर वेळी सांगते. साळूने चावलं. गिळलं. हौसाकडे बघितलं.

“कडू आहे,” ती म्हणाली. “मैना खरं बोलत होती.”

ते ऐकून हौसा आत गेली आणि तिने दार लावलं.

साळू एवढ्याशा चकतीने पडली. किती दिवस ती जगते की मरते अशी होती. वाचली, पण डोक्यावरचे केस गळून गेले ते पुन्हा कधी नीट आले नाहीत. उठून बसता आलं तशी ती सरपटत मांडवापाशी गेली, वेल मुळासकट उपटला आणि सगळं बी चुलीत घातलं. तिथेच तिने नेम धरला म्हणे, की इथून पुढे माझ्या परसातलं काही मी आधी खाल्ल्याशिवाय कुणाच्या दारात जाणार नाही. आणि हौसाने माझ्या हातचं पुन्हा घेतल्याशिवाय पहिलं फळ दुसऱ्या कुणाला देणार नाही.

पुढच्या वर्षी तिने लांबच्या गावाहून बी आणलं. पहिला दुधी आला तेव्हा या दगडावर बसून देठाकडची चकती कापली आणि खाल्ली. मग बसून राहिली. आपल्या पोटात काही होत नाही हे कळेपर्यंत हलली नाही. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, “हौसा, गोड आहे गं.”

दार उघडलं नाही. दुधी दगडावर राहिला, उन्हाने सुरकुतला, शेवटी गुरांनी खाल्ला.

त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्याही पुढच्या. पोरं तिच्या मागे ‘गोड आहे गं, गोड आहे गं’ करत नाचायची. बायका म्हणायच्या, “देणं नाही नि घेणं नाही, दर वर्षी उष्टं कुणासाठी मांडते ही?” साळू विळा पुसून आत जायची. दगडावर विळ्याच्या खुणा वाढत गेल्या. गेणू मोठा झाला, त्याचं लग्न झालं. हौसाचा नवरा गेला, हौसा एकटी राहिली. बोळ तेवढाच रुंद होता. समोरासमोरच्या दोन बायका म्हाताऱ्या झाल्या आणि एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मग साळू वारली. वेलाला नुकती फुलं लागली होती. तिला नेलं तेव्हाही हौसाचं दार बंदच होतं.

काही दिवसांनी मांडवावर पहिला दुधी धरला. तोडायला कुणी नव्हतं. गेणूचं बाळ तापाने फणफणलेलं आणि त्याची बायको त्याला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. ताप उतरला त्या दिवशी बाळाला काय द्यावं म्हणून ती दारात येऊन उभी राहिली, तर समोरचं दार उघडलं.

हौसा काठी टेकत बाहेर आली. साळूच्या मांडवाखाली गेली, दुधी तोडला आणि दगडावर बसली. देठाकडची चकती कापली. तिला दात फारसे उरले नव्हते, चावायला वेळ लागला. खाल्ल्यावर ती तिथेच बसून राहिली, अगदी साळू बसायची तशी. सावली सरकली तरी उठली नाही. गेणूची बायको घाबरून बघत होती.

“गोड आहे गं,” हौसा शेवटी म्हणाली आणि दुधी तिच्या पदरात घातला. “दुधात शिजव. कढत नको देऊ. आणि गूळ घालू नकोस, बाई. काही लागलं तर बाळाला कळू दे.”

गेणूची बायको धीर करून म्हणाली, “आत्याबाई, सासूबाई असताना एकदा तरी घ्यायचं होतं.”

हौसा दगडावरून हात फिरवत राहिली. “वेल मी उचलून धरला होता,” ती म्हणाली. “घास माझ्या हातात होता. पोरगी मला सांगत होती, साळूला नाही. तिच्यावर कुठलं दार लावते मी? बाहेर यायला मला तोंड नव्हतं.”

त्या दिवसापासून हौसा रोज दगडावर येऊन बसायची आणि गावातल्या कुणाचीही भाजी देठाकडून चाखून द्यायची, असं सांगतात. तिच्यानंतर ज्याची त्याने चाखायची असं झालं. कडू भोपळ्याचा वेल गावाने शिवेबाहेर, नदीपलीकडे नेला. एका मांडवावर दोन्ही चढले की बी बिघडतं, हे तोवर सगळ्यांना समजून चुकलं होतं.

एवढं सांगून भागाक्का समोरची टोपली ओढते, दुधी दगडावर ठेवते आणि चकती कापते. पाहुण्या बाया तिचा चघळणारा जबडा बघत राहतात. भागाक्का घाई करत नाही. मग म्हणते, “घे, गोड आहे,” आणि तेव्हा कुणी नाक मुरडत नाही.

आजही नदीच्या अलीकडे कडू भोपळ्याचं रोप दिसलं तर लहान पोरसुद्धा ते उपटून टाकतं. आणि आजही आंबरवड्यात तापातून उठलेलं लेकरू ‘कडू लागतंय’ म्हणालं, तर त्याला कुणी ‘खा’ म्हणत नाही. घास मागे फिरतो आणि आईच्या तोंडात जातो.